महामार्गाला आडवे जाणारे

मुंबई-गोवा महामार्गाची लांबी मुंबईत तासांत मोजतात. प्रभादेवीत, परळला, लालबागला कुणालाही विचारा, संगमेश्वर किती लांब? किलोमीटर कुणी सांगणार नाही. माणगावला अडकलो नाही तर सात तास, अडकलो तर देव जाणे, असं उत्तर येईल. गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात तर दुसरा विषयच नसतो. गावच्या मंडळाने ठरवलेली एसटी कुठल्या नाक्यावरून सुटणार, टोलमाफीचा पास कुणी आणायचा, कोलाडच्या पुढे रस्ता कसा आहे, अमुक ठिकाणचं डायव्हर्शन निघालं का, ही चौकशी सिद्धिविनायकाच्या रांगेपासून खेड गल्लीतल्या चहाच्या टपरीपर्यंत चालू असते. त्यामागचा वैताग खरा आहे. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये हात लागला. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत, आणि रस्ता दरवर्षी 'अंतिम टप्प्यात' असतो.

पण इतकी वर्षं आपण मुंबईकर चाकरमानी या रस्त्याबद्दल जे बोलत आलो, ते सगळं गाडीच्या पुढच्या काचेतून दिसणारं आहे. खड्डे, कोंडी, धूळ, अर्धवट पूल, रात्री न दिसणारं वळण. आपलं जाणं उभं आहे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, चाळीच्या जिन्यापासून गावच्या घराच्या पडवीपर्यंत. ज्यांच्या गावातून हा रस्ता जातो त्यांचं रोजचं जाणं आडवं आहे. घर रस्त्याच्या एका अंगाला, मळा दुसऱ्या अंगाला. शाळा इकडे, विहीर तिकडे, ग्रामदेवता पलीकडे. रुंदीकरणाने उभ्या जाण्याची सोय केली, किंवा करतो म्हणून सांगितलं, आणि आडव्या जाण्याची वाट लावली. माझं म्हणणं असं, की या महामार्गाबद्दलच्या बहुतेक तक्रारी, माणसांच्या आणि निसर्गाच्याही, या एकाच गोष्टीतून निघतात. रस्त्यावरून कोण जाणार याचा हिशेब आधी झाला. तो ओलांडून कोण जातं, याचा हिशेब आंदोलनं झाल्यावर सुरू झाला.

कोकणाचा भूगोलच आडवा आहे. सह्याद्रीतून निघालेलं पाणी पश्चिमेला समुद्राकडे धावतं. पनवेलहून निघालेला महामार्ग सावित्री ओलांडतो, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री ओलांडतो, मग काजळी, मुचकुंदी, अर्जुना, गड असं करत खाली उतरतो. या मोठ्या नद्या झाल्या. त्यांच्या मधले व्हाळ आणि पऱ्ये मोजायला गेलं तर दिवस पुरणार नाही. गावंही तशीच पाण्याच्या उतारावर वसलेली, वर डोंगरात वरकस जमीन, मध्ये वाडी, खाली भातमळा, त्याच्याही खाली नदी किंवा खाडी. जुना व्यापारसुद्धा आडवाच चाले. आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली हे घाट देशावरचा माल दाभोळ, जयगड, राजापूर, वेंगुर्ल्याच्या बंदरांत उतरवत. उत्तर-दक्षिण जायचं तर समुद्र होता. गिरणीत लागायला निघालेली आपली आजोबा-पणजोबांची पिढी बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरली. म्हणजे कोकणाच्या अंगावरून उभा जाणारा मोठा रस्ता ही तशी अलीकडची चीज, आणि आता ज्याला राष्ट्रीय महामार्ग ६६ म्हणतात तो जुना सतरा नंबरही दोन पदरी, झाडांच्या सावलीतला, वळणं घेत जाणारा होता. त्याला गाव आडवं जात होतं. गाड्या थांबत होत्या, हॉर्न वाजत होते, गुरं मध्ये उभी राहत होती. अपघातही होत होते आणि भीषण होत होते. ते विसरून जुन्या रस्त्याचे गोडवे गाण्यात मला रस नाही.

जुना रस्ता किती थकला होता याचा पुरावा २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मिळाला. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश आमदानीतला पूल पुरात वाहून गेला आणि त्याच्यासोबत दोन एसटी बस गेल्या. नवा पूल काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांच्या आत उभा राहिला. मनात आणलं तर काम होतं, हेही त्यातून कळलं आणि चाकरमान्यांच्या रागाला आणखी धार आली. खड्ड्यांविरुद्ध वकील ओवेस पेचकर उच्च न्यायालयात गेले. हा महामार्ग पूर्ण होईपर्यंत राज्यात नवा प्रकल्प होऊ देणार नाही, असं २०२१ मध्ये न्यायालयाने सरकारला सुनावलं. २०१९ च्या जुलैत कणकवलीत आमदार नितेश राणे आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतला होता, तेव्हा कित्येकांना मनातून बरं वाटलं. मला ते दृश्य किळसवाणं वाटलं. पण त्याहून मला खुपतं ते असं, की या सगळ्या गदारोळात मुद्दा कायम एकच राहिला, रस्ता कधी होणार. कसा होणार हा प्रश्न खड्ड्यात गेला.

गावी आमच्या वाडीसमोर महामार्गाच्या दुभाजकाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी जांभ्याचा एकेक चिरा आणून ठेवला आहे. पायरी म्हणून. शेजारच्या काकी सकाळी खालच्या मळ्यात जातात तेव्हा आधी दोन पदर ओलांडतात, चिऱ्यावर पाय देऊन दुभाजकावर चढतात, पलीकडच्या चिऱ्यावर उतरतात, थांबतात, गोव्याकडून येणाऱ्या गाड्या बघतात आणि मग उरलेले दोन पदर पार करतात. परतताना डोक्यावर गवताचा भारा असतो, त्यामुळे मान वळवून गाडी बघता येत नाही. मग त्या आवाजावर जातात. इलेक्ट्रिक गाड्या वाढल्यापासून आवाजाचाही भरवसा राहिला नाही, असं त्या हसून सांगतात. रीतसर जायचं तर पलटायची जागा वरच्या बाजूला लांब आहे. पायी माणूस, तोही भारा घेऊन, तिथवर जाऊन परत येणार नाही. चिरा कुणी ठेवला ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी सांगत नाही.

अशा जागा महामार्गावर पावलोपावली आहेत. कुठे दुभाजक फोडून मोटारसायकल निघेल एवढी फट केलेली असते, कुठे पत्रा वाकवलेला असतो. रस्त्याकाठच्या गावांच्या निवेदनांत एक शब्द हमखास सापडतो, 'मिडलकट', म्हणजे ओलांडायला दुभाजकात सोडलेली जागा. आमच्या फाट्यावर मिडलकट द्या. अधिकाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं, मिडलकट दिला की अपघात होतात. आणि गंमत अशी की अधिकारी चूक नसतात. ताशी शंभराने येणाऱ्या गाडीसमोर दुचाकी आडवी घातली तर काय होणार? पण दोन्ही बाजू खऱ्या असतात तेव्हा दोष आधीच्या कुठल्यातरी निर्णयात असतो. रस्ता रुंद आणि वेगवान करायचा हे ज्या कागदावर ठरलं, त्याच कागदावर ठरायला हवं होतं की या फाट्यावर रस्त्याखालून 'बॉक्सवेल' निघेल, एवढ्या उंचीचा, एवढ्या रुंदीचा, बैलगाडी नाही तरी निदान पॉवर टिलर आणि गवताचा भारा जाईल असा, आणि पावसात ज्यात गुडघाभर पाणी साचणार नाही असा. रस्ता झाल्यानंतर बॉक्सवेल मागायचा म्हणजे लग्न लागल्यावर कुंडली काढण्यासारखं आहे.

आणि जिथे उड्डाणपूल मिळाले, तिथे दुसरीच तऱ्हा. एसटीचा ड्रायव्हर पुलावरून थेट निघून जातो. खाली सर्व्हिस रोडला उभी राहिलेली म्हातारी हात दाखवत राहते. नाक्यावरची जुनी निवारा शेड रुंदीकरणात गेली, नवी कुठे बांधायची याचं उत्तर एसटीकडे नाही, महामार्ग विभागाकडे नाही. नाक्यावरची भजीची, शहाळ्यांची, कोकम सरबताची दुकानं ज्या वर्दळीवर चालत होती ती डोक्यावरून जाऊ लागली. याला विकासाची अपरिहार्य किंमत म्हणणारे पुष्कळ भेटतात. ते स्वतः बहुधा पुलावरून जाणारे असतात.

माणसांचं आडवं जाणं दिसतं तरी. पाण्याचं आणि मातीचं तर तेही नाही. कोकणाच्या डोंगरउतारावर वर जांभा असतो आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या खाली मऊ चिकणमातीचा थर. पावसाळ्यात तीन-तीन हजार मिलिमीटर पाणी जांभ्याच्या छिद्रांतून झिरपतं, खालच्या मातीवर अडतं आणि उताराने आडवं बाहेर पडतं. गावातले उन्हाळी झरे या पाण्यावर चालतात. रुंदीकरणासाठी हाच उतार भिंतीसारखा उभा कापला की आतलं पाणी वाटेतच उघडं पडतं आणि माती घेऊन रस्त्यावर येतं. खेड आणि चिपळूणच्या मधला परशुराम घाट हे याचं ठळक उदाहरण. उभ्या कापलेल्या कड्याखालून काम करणं इतकं धोक्याचं झालं, की २०२२ च्या एप्रिल-मे महिन्यांत रोज दुपारी काही तास घाट वाहतुकीला बंद ठेवावा लागला. त्यानंतरही पावसाळा आला की वरच्या परशुरामच्या आणि खालच्या पेढे गावच्या लोकांची झोप उडते. डोंगर कापला रस्त्यासाठी, माती येते त्यांच्या दारात.

सखल भागात उलटा प्रकार. तिथे रस्ता भराव घालून उंच केलेला. भराव म्हणजे पाण्याच्या वाटेत घातलेला बांध. त्यात मोऱ्या ठेवतात, पण मोरी केवढी हवी हे नकाशावरून ठरवलं आणि श्रावणातला व्हाळ बघून ठरवलं, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. उन्हाळ्यात येऊन गेलेल्या माणसाला तिथे पाणी असतं हेच कळत नाही, कोरडा खडक दिसतो. मग जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात लाल पाणी कुणाच्या भाताच्या तरव्यात शिरतं, कुणाच्या ओटीवर येतं. कणकवलीत उड्डाणपुलाच्या जोडरस्त्याची भरावाची भिंत २०२० च्या पावसाळ्यात ढासळली, तेव्हा लोकांनी भरावाऐवजी खांबांवर पूल मागितला. या मागणीत शहाणपण होतं. खांबांखालून पाणी जातं, माणूस जातो, बाजार भरतो, वाराही जातो. भिंतीतून यातलं काहीच जात नाही. खांब महाग पडतात, हे खरंच. पण ढासळलेली भिंत पुन्हा बांधणं आणि दरवर्षी गाळ उपसणं हा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरलेला नसतो म्हणून भिंत स्वस्त दिसते.

झाडांबद्दल मुंबईत सर्वांत जास्त हळहळ व्यक्त होते, कारण झाडं गाडीतून दिसायची. वड, चिंच, आंबा, जांभूळ, किती पिढ्यांनी लावलेली, सांभाळलेली. ती गेली आणि दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल आली. सावली गेली हे प्रवाशाचं दुःख. पण रस्त्याच्या दोन बाजूंच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत मिसळत, तो शेकरू, वानर, माकड यांचा पूल होता, हे आपल्या हळहळीत येत नाही. खाली चार पदर आणि वर आभाळ, अशा जागी वानर जमिनीवर उतरून रस्ता ओलांडतं आणि बऱ्याच वेळा ओलांडत नाही. कर्नाळ्याला तर हा महामार्ग थेट पक्षी अभयारण्यातून जातो. १९६८ साली जाहीर झालेलं, जेमतेम बारा चौरस किलोमीटरचं हे रान. त्याच्या पोटातून गाड्यांचा अखंड प्रवाह. भेकर काय, साळिंदर काय, ज्याला पलीकडे जायचंय त्याने रात्री हेडलाइटच्या उजेडात जीव मुठीत धरून जायचं.

कुणी म्हणेल, रस्ता म्हटला की हे व्हायचंच. तर मग याच राज्यातल्या दुसऱ्या महामार्गाकडे बघू. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणावर बरीच वर्षं न्यायालयीन लढाई झाली. शेवटी महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाता येईल अशी नऊ बांधकामं झाली. त्यातलं सर्वांत लांब साडेसातशे मीटरचं आहे, म्हणजे रस्ता तेवढं अंतर जमिनीपासून उचलून धरला आहे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर वाघ, रानकुत्रे, चितळ, गवे त्याखालून जाताना दिसले. तेव्हा आपल्या अभियंत्यांना हे जमत नाही असं नाही, आणि देशाला परवडत नाही असंही नाही. वाघाच्या पाठीशी कायदा होता, संस्था होत्या, चिवट वकील होते. गवताचा भारा घेऊन दुभाजक चढणाऱ्या काकींच्या पाठीशी ग्रामपंचायतीचं एक निवेदन आहे. ते कुठल्या तरी फायलीत आहे.

यात कायद्याचाही भाग आहे. राष्ट्रीय महामार्गांच्या विस्ताराला पर्यावरण मंजुरी केव्हा लागते, हा नियम २०१३ मध्ये सैल झाला. शंभर किलोमीटरपेक्षा जास्त लांबी असेल आणि जुन्या रस्त्याच्या आखणीवर चाळीस मीटरपेक्षा किंवा नव्या वळणरस्त्यावर साठ मीटरपेक्षा जादा जमीन लागत असेल तरच ती लागते, असं ठरलं. त्याच्या आतलं रुंदीकरण मोकळं. पर्यावरण मंजुरी म्हणजे काही रामबाण नाही. पण तिच्यासोबत जनसुनावणी येते, आणि अधिकाऱ्याने गावात येऊन सगळ्यांदेखत ऐकून घ्यायची ती एकच रीतसर जागा. उत्तराखंडातल्या चारधाम रस्त्याच्या वेळी सुमारे नऊशे किलोमीटरचं काम शंभर किलोमीटरच्या आतल्या पन्नासहून अधिक तुकड्यांत विभागलं गेलं, आणि त्यावरून सर्वोच्च न्यायालयात मोठा वाद झाला. आपल्याकडे इंदापूर ते झाराप हे काम दहा पॅकेजांत वाटलं. ते मंजुरी टाळायला केलं, असं मी म्हणत नाही. कंत्राटं द्यायला तुकडे सोयीचे असतात. पण तुकड्यांचा एक परिणाम होतोच. प्रत्येक ठेकेदार आपल्या चाळीस किलोमीटरपुरता बघतो, आणि एका डोंगराचं, एका नदीचं, एका तालुक्याच्या बाजाराचं काय होणार हा प्रश्न कुणाच्याच पॅकेजात बसत नाही.

जनसुनावणी झाली असती तर लोक काय बोलले असते, याबद्दल मात्र मला भाबडेपणा नको आहे. निम्मा वेळ मोबदल्यावर गेला असता. कोकणातला सातबारा म्हणजे सहहिस्सेदारांची यात्रा. पाच गुंठ्यांवर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली, काहींचे वारस कुठे आहेत ते वारसांनाही ठाऊक नाही. परशुरामला तर देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात मोबदला कुणी किती घ्यायचा यावरून तंटा होता, आणि काम रखडायला तेही एक कारण झालं. या सातबाऱ्यावरच्या मुंबईकर नावांत आपणही आहोत. संमतीच्या कागदावर सही करायला गावी गेलो, चेक घेतला, कुणी त्यातून विरारला खोली घेतली, कुणी मुलाचं इंजिनियरिंग केलं. त्यात गैर काही नाही. पण जमिनीचा दर किती यावर आम्ही भांडलो तितकं, उरलेल्या जमिनीत जायचं कुठून यावर भांडलो नाही. जाणार आपण नव्हतो, काकी जाणार होत्या.

प्रभादेवीकरांना हे समजायला आता संगमेश्वरला जायची गरज नाही. २०२५ चं विसर्जन ६ सप्टेंबरला आटोपलं आणि १२ तारखेला एल्फिन्स्टनचा पूल कायमचा बंद झाला. १९१३ सालचा हा पूल, प्रभादेवी आणि परळ यांना रेल्वेवरून आडवा जोडणारा. तो पाडून तिथे दोन मजली पूल होणार आहे. वरच्या मजल्यावरून वरळी-शिवडी जोडरस्ता जाईल. म्हणजे अटल सेतूवरून आलेली गाडी परळ-प्रभादेवीला पाय न लावता वरळीच्या सागरी सेतूकडे निघून जाईल. खालच्या मजल्यावर आपण. पूल बंद झाला त्या रात्रीपासून टिळक पूल आणि करी रोडच्या पुलावर जी गर्दी उसळली ती सगळ्यांनी पाहिली. केईएम, वाडिया, टाटा पलीकडे, आणि पेशंट अलीकडे. पेशंटचा डबा घेऊन निघालेल्या बाईला पादचारी पुलाचे जिने चढायचे, उतरायचे. टॅक्सीवाला प्रभादेवीहून केईएम म्हटल्यावर मान हलवतो. जोडरस्त्याच्या वाटेत आलेल्या लक्ष्मी निवास आणि हाजी नूरानी या इमारतींमधल्या कुटुंबांनी, आम्हाला याच भागात घरं द्या, नाहीतर पूल पाडू देणार नाही, असा हट्ट धरला. त्या हट्टामुळे एप्रिलमध्ये बंद व्हायचा पूल सप्टेंबरपर्यंत टिकला. त्यांना विकासाचे विरोधक म्हणणारे याच पेठेत मी ऐकले.

रेल्वेचंही हेच झालं होतं. पश्चिम रेल्वेच्या गाड्या नऊ डब्यांच्या बारा डब्यांच्या झाल्या, गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली, उभी वाहतूक दरसाल वाढत गेली. एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल आणि त्याचा जिना मात्र होता तेवढाच अरुंद राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, त्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. नवा पूल बांधायला लष्कर बोलवावं लागलं. पुढल्या वर्षी स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. जुनी पाटी उतरवली त्या दिवशी मला वाटलं होतं, मुंबईची प्रशासनं आता निदान जिने मोजतील.

शहरात निदान खालचा मजला मिळतो. आपल्याकडे आवाज करणारी माणसं दाट आहेत, नगरसेवक आहेत, वर्तमानपत्राची कचेरीच प्रभादेवीत आहे. गावात वाडीत पंधरा घरं, त्यातली सहा बंद. मतांच्या हिशेबात काकी कुठेच नाहीत. गावच्या वतीने बोलतो तो चाकरमानी, कारण मंत्रालयात जाऊन येणं त्याला जमतं. म्हणून आम्ही काय मागतो याला महत्त्व येतं. आणि आम्ही गेली कित्येक वर्षं एकच मागत आलो, लवकर पोचवा.

इथे माझ्याच नात्यातले लोक मला अडवतील. त्यांचं म्हणणं असं असतं, की बाबा, तुझ्या वडिलांना छातीत दुखायला लागलं तर रत्नागिरीहून मुंबईला आणायला हाच रस्ता लागणार. दुभाजक नव्हता तेव्हा समोरासमोर धडका होऊन घरंच्या घरं बसली. आंब्याची पेटी वाशीला वेळेत पोचली नाही तर भाव पडतो. हे सगळं मला मान्य आहे. रुंद रस्त्याला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. पण रत्नागिरीचा पेशंट मुंबईला आणावा लागतो याचा इलाज रस्त्याइतकाच रत्नागिरीतल्या इस्पितळात आहे, हे एकदा बोलून ठेवतो. आणि दुसरं, वेग हवा की ओलांडायची सोय हवी, असा पेच इथे मुळात नाही. पेंचला दोन्ही मिळालं. ज्या रस्त्यावर माणसं, गुरं, दुचाकी खालून सुखरूप जातात त्याच रस्त्यावर वरची गाडी खऱ्या अर्थाने वेगात जाऊ शकते. दुभाजक फोडलेला महामार्ग ना गावाचा राहतो, ना गोव्याला जाणाऱ्याचा. टोलचंही तसंच. ओसरगावला टोलनाका उभा राहिला तेव्हा सिंधुदुर्गातल्या गाड्यांना टोल नको म्हणून लोक रस्त्यावर उतरले. जवळच्या गावात जायला पर्यायी रस्ता उरला नाही आणि आहे त्यावर पैसे मोजा, हे त्यांना पटेना. गणपतीला टोलमाफी आपल्याला मिळते, पास घेऊन आपण खूष होतो. बारमाही राहणाऱ्याने मागितली की तो आडमुठा ठरतो.

सध्याचा महामार्ग धड होत नाही म्हणताना आता त्याला समांतर रस्त्यांची तयारी चालू आहे. किनाऱ्याने रेवस-रेडी सागरी महामार्ग. मधून नवा कोकण द्रुतगती महामार्ग. शिवाय देशावरून येऊन सिंधुदुर्गात उतरू पाहणारा शक्तिपीठ महामार्ग, ज्याला कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला आणि आंदोलन उभं केलं. कोकण रेल्वे आहेच. डोंगर आणि समुद्र यांच्यातली जी चिंचोळी पट्टी, तिच्यावर इतक्या उभ्या रेघा. आणि द्रुतगती महामार्गाला तर दोन्ही बाजूंनी कुंपण असतं. तिथे चिरा ठेवून चढायचीही सोय नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ च्या पश्चिम घाट अहवालात ग्रामसभांना विचारून ठरवा म्हटलं, तेव्हा तिला विकासविरोधी ठरवण्यात कोकणातले पुढारी आघाडीवर होते. त्याच पुढाऱ्यांच्या दारात आज मिडलकटची निवेदनं पडतात.

नव्या रस्त्यांच्या पुष्कळशा आखण्या अजून कागदावर आहेत. मोजणीवाले गावात येतील, दगड रोवतील, मंडळाच्या खोलीवर फोन येईल की सह्यांना या. प्रभादेवीतल्या, परळमधल्या गावमंडळांनी त्या वेळी दर विचारावाच, तो हक्क आहे. पण त्याच बैठकीत गावच्या नकाशावर पेन्सिलीने खुणा करून द्याव्यात. ही पाखाडी मळ्यात उतरते, हा व्हाळ श्रावणात एवढा फुगतो, या जागी गुरं सकाळी पलीकडे जातात आणि संध्याकाळी परत येतात, इथून पालखी जाते, या झऱ्याचं पाणी वरच्या डोंगरातून येतं, तिथे कापू नका. खुणा करायला मुंबईतल्या माणसाला बहुतेक जमणार नाही. त्यासाठी काकींना फोन लावावा लागेल, आणि त्या भल्या पहाटेच मळ्यात गेलेल्या असतात, तेव्हा दुपारी लावावा.